उरलेल्या भ्रूणांचे काय करायचे?



या वेळचे सदर मी माझगावहून नव्हे, तर खोर फक्कानहून लिहीत आहे. शारजा अमिरातीतले हे बंदराचे गाव. एका बाजूला हजर पर्वताचे उघडे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला ओमानचे आखात. माझे जावई इथल्या बंदरात नोकरीला आहेत, म्हणून मी तीन महिन्यांसाठी लेकीकडे आले आहे. मागच्या खेपेला गुडघेदुखीवर लिहीन असे कबूल केले होते, पण मध्येच एक पत्र आले आणि घरातली चर्चा वेगळ्याच वाटेला लागली. गुडघ्यांनी एक महिना थांबावे.

पत्र मुंबईहून आले होते. माझ्या लेकीला लग्नानंतर बरीच वर्षे मूल नव्हते. २०१६ मध्ये तिने मुंबईच्या एका केंद्रात टेस्ट ट्यूब उपचार घेतले. इथे राहत असून मुंबईला का गेली, तर त्या वेळी अमिरातीच्या कायद्याने भ्रूण गोठवून ठेवायला परवानगी नव्हती. २०१९ मध्ये नवा कायदा आला आणि त्याने पाच वर्षांपर्यंत, आणि अर्ज केल्यास आणखी पुढे, भ्रूण ठेवायची मुभा दिली. पण लेकीची घाई त्याआधीची. देवाच्या कृपेने पहिल्याच खेपेला दिवस राहिले आणि आज नातू नऊ वर्षांचा आहे. त्या वेळी तयार झालेल्या भ्रूणांपैकी चार उरले. ते उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये अजून तसेच आहेत.

आता केंद्राने कळवले आहे की यंदा त्यांना दहा वर्षे पुरी होतात, यापुढे ठेवता येणार नाहीत. सोबत एक फॉर्म आहे. त्यावर दोन चौकटी आहेत. एकीवर लिहिले आहे, भ्रूण नष्ट होऊ द्यावेत. दुसरीवर लिहिले आहे, संशोधनासाठी द्यावेत. खाली नवरा आणि बायको दोघांच्या सह्या.

लेक मला म्हणाली, "मम्मी, तू इतकी वर्षे लेबर रूममध्ये काढलीस. तूच सांग, कुठे खूण करू?"

चौतीस वर्षे मी महापालिकेच्या सूतिकागृहात नोकरी केली. किती बाळे माझ्या हातांवर आली त्याची मोजदाद नाही. पण त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. मग मी वाचले, जुन्या मैत्रिणींना फोन केले, विचार केला. जे हाती लागले ते तुमच्यासमोर ठेवते, कारण आपल्या समाजातल्या बऱ्याच घरांत आता टेस्ट ट्यूबची नातवंडे आहेत. आज ना उद्या असे पत्र तुमच्याही घरी येईल.

मूळपेशी म्हणजे काय

आपल्या शरीरातल्या पेशी आपापले काम ठरवून बसलेल्या असतात. कातडीची पेशी कातडीचे काम करते, मेंदूची मेंदूचे. मूळपेशी, जिला वर्तमानपत्रात स्टेम सेल म्हणतात, ती मात्र अजून काही ठरवलेली नसते. स्वयंपाकघरातले उदाहरण देते. भिजवलेल्या कणकेची चपाती होते, पुरी होते, तिचे दिवेही होतात. पण एकदा चपाती भाजली की तिची पुरी होत नाही. मूळपेशी म्हणजे भिजवलेली कणीक.

या मूळपेशी मुख्यतः दोन ठिकाणच्या. पहिल्या मोठ्या माणसांच्या शरीरातल्या. आपल्या हाडांच्या मगजात रक्ताच्या मूळपेशी असतात. एका माणसाचा मगज दुसऱ्याला देऊन रक्ताच्या कर्करोगावर उपचार करतात, तो मूळपेशींचाच उपचार आहे. भारतात पहिले मगज प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. पोलिओमुळे स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी हे काम केले. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत रसायनाने भाजलेल्या डोळ्यांवर डोळ्याच्याच कडेच्या मूळपेशी वाढवून लावतात. या कामात कुणालाच नीतीची अडचण नाही. देणारा जिवंत राहतो आणि घेणारा बरा होतो.

दुसऱ्या मूळपेशी भ्रूणातल्या. पाच दिवसांचा भ्रूण म्हणजे शे-दोनशे पेशींचा बारीक गोळा, सुईच्या टोकाएवढा. त्याला हृदय नसते, मेंदू नसतो, मज्जातंतू नसतात. त्याच्या आत एका बाजूला थोड्या पेशींचा पुंजका असतो. तो गर्भाशयात रुजला, तर त्या पुंजक्यातूनच सगळे बाळ घडते. म्हणून या पेशी शरीरातली कोणतीही पेशी होऊ शकतात. मगजातल्या पेशींना हे साधत नाही.

१९९८ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जेम्स थॉमसन यांनी माणसाच्या भ्रूणातून या पेशी काढून काचेच्या तबकडीत वाढवल्याचे जाहीर केले. त्यांच्या सहकाऱ्यांत हैफाचे डॉ. जोसेफ इत्सकोविट्झ-एल्दोर होते. अशा पेशी योग्य पोषण मिळाले तर वाढतच राहतात. विरजणासारखे, एकदा लागले की दहीच दही. त्या सतत वाढणाऱ्या पेशींना पेशीओळ म्हणतात. एका भ्रूणापासून एक पेशीओळ निघाली, तर जगभरच्या प्रयोगशाळांना वर्षानुवर्षे पुरते.

पण पेशी काढल्या की तो भ्रूण संपतो. सगळा वाद इथे आहे.

जीव केव्हा सुरू होतो

आपल्या धर्मात याचा विचार जुना आहे. तालमूदमध्ये, येवामोत या भागात, चाळीस दिवसांपर्यंतच्या गर्भाला निव्वळ पाणी म्हटले आहे. त्याचा अर्थ त्याची किंमत नाही असा कुणी घेऊ नये. चाळीस दिवसांच्या आतल्या गर्भाविषयीही रब्बींमध्ये मतभेद आहेत. मात्र गर्भाशयाबाहेर, बर्फाहून कितीतरी थंड भांड्यात ठेवलेला पाच दिवसांचा भ्रूण म्हणजे पोटातला गर्भ नव्हे, असे बऱ्याच रब्बींनी मानले. त्यात पिकुआख नेफेश, म्हणजे जीव वाचवण्याचे कर्तव्य, हेही आहेच. २००१ मध्ये इस्रायलच्या विज्ञान अकादमीच्या नीतिसमितीने उरलेल्या भ्रूणांवरील संशोधनाच्या बाजूने अहवाल दिला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ऑर्थोडॉक्स ज्यू संघटनांनीही तेच मत कळवले.

आमच्या शेजारी केरळची एक कॅथलिक बाई राहते. ती नर्सच आहे. तिच्या चर्चच्या शिकवणीप्रमाणे गर्भधारणेच्या क्षणापासून माणूस सुरू होतो, म्हणून भ्रूण मोडणे पाप. तिने मला सरळ विचारले, "सिस्टर, तुमचा नातूसुद्धा एके दिवशी असाच पाच दिवसांचा होता ना?" होता. त्याच तबकडीत, याच चौघांच्या शेजारी. मी गप्प बसले. मुसलमान विद्वानांपैकी अनेक जण गर्भात रूह १२० व्या दिवशी येते असे मानतात, काही चाळीसाव्या दिवशी.

सगळ्यांना एकच उत्तर पटेल असे मला वाटत नाही. पण शेजारणीच्या प्रश्नावर दोन दिवसांनी मला एक गोष्ट सुचली. हे चार भ्रूण कुणाच्या पोटात जाणार नाहीत, हे ठरून गेले आहे. लेक आता पंचेचाळीसची आहे, डॉक्टरांनी नको म्हटले आहे. म्हणजे इथे जगणे की मरणे असा प्रश्न राहिलेलाच नाही. भांड्यातून काढून टेबलावर ठेवायचे आणि संपू द्यायचे, की कुणाच्या उपयोगी पडू द्यायचे, एवढाच प्रश्न आहे. लेबर रूममध्ये आम्ही नाळ आणि वार टाकून देत असू. आज नाळेतले रक्त जपून ठेवतात. भ्रूणाचे मोल वारेपेक्षा नक्कीच जास्त आहे, आणि म्हणूनच तो वाया जाऊ देताना मला जास्त वाईट वाटते.

जगातल्या बहुतेक नियमांनी एक रेघ ओढली आहे, ती चौदा दिवसांची. १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने ती सुचवली. चौदाव्या दिवसाच्या सुमारास भ्रूणात पाठीच्या कण्याची पहिली खूण उमटते. त्याआधी एकाचे दोन होऊन जुळीही होऊ शकतात. म्हणून त्या पलीकडे प्रयोगशाळेत भ्रूण वाढवायचा नाही. भारतानेही हीच मर्यादा ठेवली आहे.

पैसा कुणाचा

दुसरा प्रश्न मला जावयांनी घातला. ते हिशेबी माणूस. म्हणाले, "मम्मी, संशोधन म्हणजे पैसा. तो सरकारने घालायचा की कंपन्यांनी? ज्यांना हे पाप वाटते त्यांच्या करातून का घालायचा?"

अमेरिकेत याच प्रश्नावर मोठा वाद झाला. १९९६ पासून तिथल्या अर्थसंकल्पात दर वर्षी एक अट घातली जाते, की ज्या संशोधनात भ्रूण नष्ट होतो त्याला केंद्र सरकारचा पैसा द्यायचा नाही. म्हणून थॉमसन यांना आपले काम खासगी पैशावर, वेगळ्या जागेत करावे लागले. ९ ऑगस्ट २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी जाहीर केले की त्या दिवसापर्यंत ज्या पेशीओळी निघाल्या आहेत त्यांच्यावरच्या कामाला सरकारी पैसा मिळेल, नव्या ओळींवरच्या कामाला नाही.

आता आपल्या मुंबईचा भाग. त्या महिनाअखेरीस अमेरिकन सरकारने ६४ पेशीओळींची यादी प्रसिद्ध केली. त्यातल्या दहा भारतातल्या होत्या. सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेस या खासगी कंपनीच्या आणि तीन बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या. भारतीय भ्रूणांतून निघालेल्या पेशी एकदम जगाच्या चर्चेत आल्या. तेव्हा आपल्याकडे या कामाचे पक्के राष्ट्रीय नियम नव्हते. ते २००७ मध्ये झाले. अमेरिकेच्या यादीतल्या बऱ्याच ओळी तर संशोधकांच्या हाती कधी पोचल्याच नाहीत. प्रत्यक्षात सुमारे २१ वापरता आल्या. २००९ च्या मार्चमध्ये ओबामांनी ती तारखेची अट काढली, तरी भ्रूणातून नवी ओळ काढायला अमेरिकन केंद्र सरकारचा पैसा आजही मिळत नाही.

सरकारी पैसा नव्हता म्हणून काम थांबले का? नाही. ते कंपन्यांकडे गेले, आणि कंपनी नफा पाहते. जेरॉन नावाच्या कंपनीने २०१० मध्ये पाठीचा कणा दुखावलेल्या रोग्यांवर भ्रूणपेशींची जगातली पहिली चाचणी सुरू केली. वर्षभरात, २०११ मध्ये, पैशाच्या कारणाने ती सोडून दिली. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २००४ मध्ये मत देऊन तीन अब्ज डॉलरचा सार्वजनिक निधी उभा केला होता. त्या निधीतूनच २०१४ मध्ये ते काम दुसऱ्या कंपनीकडून पुन्हा सुरू करवले. रोगी मात्र मधली वर्षे वाट पाहत राहिले.

आपल्याकडे परळला केईएमच्या परिसरात राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. ती भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आपल्या करांतून चालणारी. तिथे डॉ. दीपा भारतीय आणि सहकाऱ्यांनी दोन पेशीओळी काढल्या, त्यांची नावे काइंड-१ आणि काइंड-२. २००९ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या कामात डॉ. इंदिरा हिंदुजाही होत्या. हे नाव आपल्या पिढीला ठाऊक आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये हर्षा चावडा जन्मली, ती डॉ. हिंदुजा आणि याच परळच्या संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी. महापालिकेचे रुग्णालय आणि सरकारी संस्था! मी तेव्हा दुसऱ्या रुग्णालयात होते, पण आमच्याही वॉर्डात ती बातमी दिवसभर चालली होती. तेव्हाही लोक म्हणत, लोकसंख्या आवरत नाही आणि हे टेस्ट ट्यूब बाळे कसली करतात? आज माझ्या घरात त्याच विद्येचा नातू धावतो आहे.

जावयांचे म्हणणे मी झटकून टाकत नाही. आमच्या वॉर्डात एका खाटेवर दोन बाळंतिणी झोपवलेल्या मी पाहिल्या आहेत. तेव्हा हातमोजेही पुरत नसत. त्या खाटेवरच्या बाईला विचारले असते, की तुझ्या कराचा पैसा पेशींवर घालू की गादीवर, तर ती गादीच म्हणाली असती आणि तिचे बरोबर होते. शिवाय सरकारी पैसा म्हणजे सचोटी असेही नाही. दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांना सरकारचा भरघोस पैसा होता. त्यांनी हाताखालच्या मुलींची स्त्रीबीजे घेतली, खोटे निष्कर्ष छापले आणि २००६ मध्ये ते मागे घ्यावे लागले.

आपल्याकडची कलकत्त्याची गोष्ट तर याच्या उलट आहे. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ३ ऑक्टोबर १९७८ रोजी भारतातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आणले. तो भ्रूण त्यांनी ५३ दिवस गोठवून ठेवला होता. जगात तेव्हा हे कुणी केले नव्हते. सरकारी समितीने त्यांना खोटे ठरवले. १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. पुढे १९९७ मध्ये आनंदकुमारांनी त्यांचे कागद तपासले आणि, पहिला मान माझा नाही, तो मुखोपाध्यायांचा, असे जाहीर सांगितले. माझ्या लेकीचे गोठवलेले भ्रूण ज्या विद्येवर टिकले, ती विद्या आधी एका माणसाने इतकी महाग विकत घेतली आहे.

एवढे सगळे मांडूनही माझे मत सार्वजनिक पैशाच्या बाजूने आहे. कारण असे की सार्वजनिक पैसा आला की हिशेब द्यावा लागतो. समिती बसते, संमतीचा कागद तपासला जातो, निष्कर्ष छापावे लागतात, चूक झाली तर कुणाला तरी जाब विचारता येतो. ह्वांग यांची लबाडीसुद्धा उजेडात आली ती त्यांचे काम सर्वांसमोर छापलेले होते म्हणून. बंद दाराआड जे होते त्याचा पत्ता आपल्याला लागत नाही. भ्रूणाचा मान राखायचा, तर त्याच्यावरचे काम उजेडात झाले पाहिजे.

आपल्याकडचे नियम

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २००७ मध्ये नियम केले, २०१३ आणि २०१७ मध्ये ते सुधारले. २०१३ मध्ये मथळ्यातून 'उपचार' हा शब्द मुद्दाम काढून टाकला, कारण मूळपेशींचे बहुतेक प्रयोग अजून उपचार झालेले नाहीत. भ्रूण देण्याविषयी मुख्य गोष्टी अशा:

संमती पती-पत्नी दोघांची लागते. ती आधी दिली असली, तरी प्रत्यक्ष देताना पुन्हा घ्यावी लागते, आणि घाईघाईने त्याच वेळी घ्यायची नाही, विचाराला किमान चोवीस तास द्यायचे. भ्रूण वापरला जाईपर्यंत संमती मागे घेता येते. त्याबद्दल पैसा घेता-देता येत नाही. केवळ संशोधनासाठी नवा भ्रूण तयार करण्यावर कडक निर्बंध आहेत. माणसाची नक्कल जन्माला घालण्यास पूर्ण बंदी आहे.

२०२१ च्या कायद्याने गोठवलेला भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवता येतो. त्यानंतर तो नष्ट होऊ द्यायचा, किंवा जोडप्याच्या संमतीने कायद्याखाली नोंदलेल्या संशोधन संस्थेला द्यायचा. लेकीच्या फॉर्मवरच्या दोन चौकटी तिथून आल्या.

फायदा किती, फसवणूक किती

आता तुमच्या मनातला प्रश्न. माझ्या डोळ्यांना, माझ्या हातांच्या कापाला, माझ्या साखरेला याचा आज काही उपयोग आहे का?

आशा आहे, पण ती अजून चाचणीत आहे. भ्रूणपेशींपासून मेंदूतल्या पेशी तयार करून कंपवाताच्या बारा रोग्यांना दिल्या. त्या सुरक्षित ठरल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, परिणाम किती हे मोठ्या चाचणीत कळेल. इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी देऊन लहानपणापासूनच्या मधुमेहाच्या काही रोग्यांचे इन्शुलिन सुटले आहे. म्हातारपणी डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, त्यावर यरुशलायीमच्या हदासा रुग्णालयात निघालेल्या पेशींची चाचणी चालू आहे. जपानचे शिन्या यामानाका यांनी तर २००६-०७ मध्ये साध्या कातडीच्या पेशीला परत मूळपेशी करून दाखवले. म्हणजे भाजलेल्या चपातीची पुन्हा कणीक केली! २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांच्या वाटेने गेल्यास भ्रूण मोडावा लागत नाही. तरी त्या पेशी खऱ्या उतरल्या का, हे पडताळायला भ्रूणपेशींशीच तुलना करावी लागते.

यातले काहीही आज आपल्याकडे दुकानात किंवा दवाखान्यात विकत मिळत नाही. हे ठळक करून सांगते, कारण माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी हे घडले आहे. तिच्या यजमानांना कंपवात होता. एका दवाखान्याने स्टेम सेलच्या इंजेक्शनांनी बरे करतो म्हणून सांगितले. पेशी कुठल्या, कुणाच्या, कुणाच्या परवानगीने, एकाही कागदावर नव्हते. बिलावर फक्त 'विशेष इंजेक्शन'. बहिणीने आईच्या पाटल्या मोडल्या. सहा महिन्यांत हात होता तसाच कापत राहिला. मी नर्स असून मला तिने शेवटी सांगितले, कारण मी नको म्हणेन हे तिला ठाऊक होते. त्याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून हे लिहून भिंतीवर लावा. भारतात रक्ताच्या विकारांसाठीचे मगज आणि रक्तातल्या मूळपेशींचे प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. गुडघे, कंपवात, पक्षाघात, मधुमेह यांवर कुणी स्टेम सेल देतो म्हणाला, तर विचारा: ही नोंदलेली चाचणी आहे का? भारताच्या चाचणी नोंदवहीत तिचा क्रमांक काय? नीतिसमिती कोणती? पेशी कुठून आल्या? आणि मला पैसे का मागता? खऱ्या चाचणीत प्रयोगाच्या औषधाचे पैसे रोग्याकडून घेत नाहीत. एकाही प्रश्नाला तो अडखळला, तर चपला घाला आणि घरी या.

मग आम्ही काय केले

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लागले, किद्दुश झाला. मनुकांचे सरबत नातवानेच गाळले होते. तो झोपल्यावर आम्ही तिघे गच्चीवर बसलो. खाली बंदराचे दिवे दिसत होते. जावई म्हणाले, "मला वाटत होते शांतपणे संपू द्यावेत. पण मम्मी, ज्यांनी केईएममध्ये हे काम केले त्यांना कुणीतरी काहीतरी दिलेच असेल ना? आपण घेतले, आता द्यायची वेळ आली तर मागे का सरायचे?" लेक बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांच्यावर कोणी चांगले काम करणार असेल तरच." दोघांनी दुसऱ्या चौकटीत खूण केली. मी बोट दाखवले नाही. सही त्यांची, निर्णय त्यांचा.

सोमवारी लेकीने केंद्राला फोन केला. तिकडून उत्तर आले की फॉर्मवर ती चौकट कायद्यामुळे आहे, पण सध्या आमचा कोणत्याही संशोधन संस्थेशी करार नाही, तेव्हा बहुतेक पहिल्याच चौकटीत खूण करावी लागेल.

वाचकहो, मला जे सांगायचे आहे ते या एका फोनमध्ये आले. कायद्याने दार ठेवले आहे, पण दारापलीकडे खोलीच नसेल तर त्या दाराचा उपयोग काय? ती खोली बांधायला पैसा लागतो, आणि तो सर्वांचा असावा, म्हणजे आत काय चालते ते सर्वांना विचारता येईल. आपल्याच डॉ. जेरुशा झिराड सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला शिकून आल्या आणि पुढे कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. सार्वजनिक पैशाचे किती हजार बाळंतिणींनी सोने केले, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको.

जावयांनी केंद्राला लेखी कळवले आहे की आमची संमती संशोधनासाठी आहे, नोंदलेल्या संस्थांकडे विचारणा करून लेखी उत्तर द्यावे. आम्हीही आमच्या बाजूने चौकशी करत आहोत. मुदत टिश्रीच्या सणांनंतर संपते. तोवर काही झाले नाही, तर पहिल्या चौकटीत खूण होईल आणि आम्ही ते मान्य करू.

तुमच्या घरात अशी मुले-सुना असतील तर एवढे करा. भ्रूण कुठे आहेत, कोणत्या वर्षी गोठवले, हे कागद शोधून ठेवायला सांगा. दहा वर्षे भरायच्या वर्षभर आधी दोघांनी बसून बोलावे. केंद्राचा संशोधन संस्थेशी करार आहे का, हे आधीच विचारावे. आणि आपण म्हाताऱ्यांनी मत विचारले तर द्यावे, नाही तर चहा करावा. दबाव घालू नये.

पुढच्या अंकी गुडघे, नक्की. तोवर ऊन उतरल्यावर रोज अर्धा तास चाला. उत्तर आले की कळवीनच.